पाटीवरचं नाव

कडेगावजवळून,
एप्रिल १९७६, मंगळवार

प्रिय नाथा,

राहीबाईचा हरिबा आज दुपारी गुळाची गाडी घेऊन मुंबईला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देणार आहे. पोस्टाच्या भरवशावर बसायला वेळ नाही. गुऱ्हाळापाशी गाडी भरायचं काम चाललंय, तिथली आरडाओरड इथपर्यंत ऐकू येतेय, आणि मी चुलीवर आमटी ठेवून उंबऱ्यात बसून लिहितेय. मध्येच उठावं लागेल, अक्षर वाकडं येईल, एखादं वाक्य अर्धंच राहील, समजून घे. तुला पत्र लिहायचं म्हटलं की मला निवांत दुपार लागते हे तुला माहीत आहे. आज ती नाही. का नाही ते सांगते, पण माझ्या क्रमाने सांगू दे. एकदम शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. लहानपणापासून तुझी ती खोड आहे, आईने गोष्ट सुरू केली की तू लगेच, "मग शेवटी काय झालं?"

तर पहिली गोष्ट. गावची यात्रा झाल्यापासून आबांनी तुझं गाणं ऐकायचं सोडलंय. रेडिओवर लागलं की उठतात आणि खटका फिरवतात. रागाने फिरवला असता तर मला बरं वाटलं असतं, राग उतरतो तरी. हे तसं नाही. बातम्या संपल्यावर बंद करतात ना, तसं शांतपणे बंद करतात आणि चंची सोडून तंबाखू मळत बसतात. परवा स्टँडवरच्या हॉटेलात तबकडी लागली, तर अर्धा चहा तसाच ठेवून बाहेर आले. आणि कुणी म्हटलं, काय आबा, पोराचं गाणं लागलंय की, तर सांगतात, "ते नाथकुमार म्हणून कुणी हाय, त्येचं गाणं हाय. आमचा नाथाजी मुंबैला नोकरीला हाय." चेष्टेने नाही रे. साहेबाला माहिती द्यावी तसं सरळ तोंड करून सांगतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. हे असंच चालू राहिलं तर आपल्याला गाणारा मुलगा नाही हे त्यांचं त्यांनाच पटून जाईल, आणि एकदा त्यांना एखादी गोष्ट पटली की मग ब्रह्मदेव आला तरी हलत नाहीत. तसं व्हायच्या आत काहीतरी व्हायला हवं, म्हणून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुला वाटेल, आबांना तुझं गाणं कधी आवडलंच नाही. असं वाटून घेऊ नकोस. तसं वाटलं तर तुला सोपं जाईल, म्हणून आधीच सांगते. घरात गिटार आणली कुणी? आबांच्या पलटणीत, बेळगावच्या छावणीत, ते गोव्याचे बँडमास्तर होते, ते पेन्शनीत निघाले तेव्हा घरातलं सामान ज्याला त्याला देऊन टाकत होते. बाकीच्यांनी खुर्च्या घेतल्या, भांडी घेतली. आबांनी काय घेतलं, तर गिटार. सुट्टीवर येताना वळकटीत गुंडाळून आणली, तेव्हा तो आकार बघून आईला वाटलं, बंदूकच घेऊन आले, आणि ती ओरडत परसात गेली. गावाने गिटारीला 'आकारामचं थोरलं तुणतुणं' असं नाव ठेवलं. वाजवायची कशी ते आबांनाही ठाऊक नव्हतं, मास्तरांनी बोटं कुठे ठेवायची तेवढं एका दिवसात दाखवलेलं, ते त्यांनी तुला कवायतीसारखं शिकवलं. अंगणात उभे राहून सांगायचे, "वाजीव. बोटं दुखली तरी वाजीव. बंदुकीनं बी पैल्यांदा खांदा दुखतोय." तू रडत वाजवायचास, आणि मी जात्याशी बसून हसायची. आपल्या वाडीत दुसऱ्या कुठल्या बापाने असलं वाद्य पोराच्या हातात दिलं होतं का सांग. दुसऱ्याने ते चुलीत घातलं असतं.

मग तू सांगलीला कॉलेजला गेलास. गॅदरिंगमध्ये गायलास, आणि पुढे सांगली आकाशवाणीवर युवकांच्या कार्यक्रमात तुला बोलावलं. त्या दिवशी आबा सुट्टीवर होते. ट्रान्झिस्टर घेऊन मारुतीच्या पारावर जाऊन बसले, मला आणि आईलाही तिथे यायला लावलं, बायका पारावर जात नाहीत तरी. निवेदिकेने तुझं नाव घेतलं, नाथाजी आकाराम साळुंखे, आणि जोतिबामामा म्हणाले, "आकाराम, तू तोंड न उघडता रेडिओवर आलास की रं!" सगळे हसले. आबाही हसले. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसलेले मी बघितले, आणि लगेच, वारा लय सुटलाय म्हणून आकाशाकडे बघायला लागले. वारा बिरा काही नव्हता.

त्या पुढचं तुलाच जास्त माहीत, पण मला ते सांगायला आवडतं, म्हणून सांगते. सांगलीच्या गॅदरिंगमध्ये तुला ऐकलेला तो निर्माता कोल्हापुरात 'सातवा मैल' हा चित्रपट करत होता. सुरुवातीला नावांच्या पाट्या येतात, त्यांवर वाजतगाजत गाणं हवं होतं त्यांना, ढोल, सनई, वीसेक माणसांचा कोरस. तू गेला होतास तो त्या कोरसात उभं राहायला. वादकांची गाडी घाटात बंद पडली, आणि स्टुडिओ तेवढ्या दिवसापुरताच मिळालेला. सगळे डोक्याला हात लावून बसले, तेव्हा तू म्हणालास, माझ्याकडे माझं एक गाणं आहे. गिटार घेऊन एकटाच उभा राहिलास.

सातव्या मैलाच्या दगडापाशी
कुणीच नसते वाट पाहत,
तरी पावले तिथेच येती
दिवस कलता, नकळत, नकळत.

आपल्या भागात असलं गाणं कुणी ऐकलं नव्हतं. पोवाडा नाही, लावणी नाही, धड भावगीतही नाही. कुणी शेजारी येऊन बसावं आणि हळूच बोलायला लागावं तसं. आबांनी पहिल्यांदा ऐकून विचारलं, "ह्यो उठवतोय का निजवतोय?" आणि दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजताना बांधावर उभे राहून तेच गुणगुणत होते. मी भाकरी घेऊन गेले होते, मला बघून एकदम गप्प झाले.

चित्रपट कधी आला आणि कधी गेला ते कुणाला कळलं नाही, गाणं राहिलं. मग 'ओलं अंगण'चं झालं, 'परका दिवा'चं झालं, मग ते हिंदीवाले आले. चित्रपट कसाही असो, सुरुवातीच्या पाट्यांवर तुझं गाणं असलं की लोक गप्प बसतात, असं निर्मात्यांमध्ये झालं म्हणे. आणि तू मात्र दर पत्रात धुसफुसतोस. लोक खुर्ची शोधत असतात तेव्हा मी गात असतो आक्का, कुणी शेंगा सोलत असतं, कुणाचं पोर रडत असतं, आणि गाणं संपलं की खरी गोष्ट सुरू होते. गिरगावातली खोली सोडलीस, दादरची सोडलीस, आता अंधेरीला गेलास, तिथेही रात्री झोप लागत नाही म्हणतोस. तुझी पत्रं वाचली की मलाच बसवत नाही, उठून उगाच भांडी इकडची तिकडे करते. चित्रपटाशिवायच्या, नुसत्या तुझ्या गाण्यांची तबकडी काढायला एक कंपनी तयार आहे, असं मागच्या पत्रात लिहिलंस. मला फार आनंद झाला. पण त्यातलं जे गाणं लिहून पाठवलंस, ते मला नाही आवडलं. फार गोड झालंय. तू मनातून बेचैन असतोस तेव्हा चांगलं लिहितोस, आणि लोकांना खूष करायला बसलास की गूळ जास्त पडतो. गुळाच्या घरात दिलेल्या बाईचं ऐक. त्यातलं दुसरं कडवं काढून टाक.

बघ, दुसरीकडेच वाहवत गेले. आमटी उतरवून आले. गाडीवर ताडपत्री टाकायला लागलेत, हात भराभर चालवायला हवा.

रेडिओवर तुझं नाव नाथकुमार सांगतात हे आम्हांला ठाऊक होतं. पण आबांना त्यात काही वाटलं नव्हतं. ते म्हणायचे, रेडिओवाल्याला घाई असतीया, आमच्या कंपनीत बी नावाचा तुकडा पाडून हाक मारायचे, कागदावर मातुर पुरतं नाव लागायचं. तसं चित्रपटाच्या पाटीवर पुरतं नाव असणार. मग तू एकदा लिहिलंस, की 'सातवा मैल'च्या पाट्यांत माझ्या एकट्याच्या नावाची अख्खी पाटी येते. झालं. ती पाटी बघायची आबांनी मनाशी गाठच बांधली. आपल्याकडे चित्रपट येतो तो लालासाहेबांच्या तंबूत, तुला माहीतच आहे, यात्रा-यात्रांनी, बाजारांनी फिरत येतो. आबा औंधला यमाईच्या यात्रेला गेले, मुद्दाम तेवढ्यासाठी. तंबूत बसले, बघतात तर चित्रपट एकदम सुरूच, नायिका विहिरीवर उभी. पाटी नाही. त्यांना वाटलं, आपण उशिरा आत आलो. पुढे तंबू लोणंदच्या बाजारात लागला तेव्हा तिथेही गेले, सगळ्यांच्या आधी जाऊन अगदी पुढे वाळूत बसले. पुन्हा नायिका विहिरीवर. घरी आले आणि म्हणाले, "पाटी न्हाई आली लीला." मी म्हटलं, आबा, डुलकी लागली असेल. तर माझ्याकडे असं बघितलं, की पहाऱ्यावर झोपल्याचा आरोपच केला मी त्यांच्यावर.

त्याचं कारण मला नंतर लालासाहेबांनीच सांगितलं. तंबूवर कर्णा लावून ते दिवस मावळायच्या सुमाराला तबकड्या वाजवतात, माणसं गोळा व्हावीत म्हणून. शेवटची तबकडी लागली की खेळ सुरू होणार हे सगळ्यांना कळतं, बायका चुलीपासून उठून पळत सुटतात. तुझं गाणं आल्यापासून ती शेवटची तबकडी म्हणजे तुझं गाणं, चित्रपट कुठलाही असो. आता 'सातवा मैल' लावायचा तर बाहेर तेच गाणं वाजून गेलेलं, आत पुन्हा पाट्यांवर तेच. माणसं अजून आत येतायत, अंधारात एकमेकांच्या पायावर पाय देतायत. रिळाचं तोंडही घासून घासून तुटायला आलेलं. म्हणून त्यांचा माणूस पाट्या सोडून पुढून रीळ चढवायचा. यात लबाडी काही नाही, त्यांची ती रीतच. म्हणजे सबंध मुलखाला तुझं गाणं पाठ, आणि तुझी पाटी कुणी बघितलेली नाही.

या चैत्रात आपल्या यात्रेला तंबू आला, तेव्हा आबा दिवसाउजेडी लालासाहेबांकडे गेले. कोट घालून गेले होते, छातीला बिल्ले लावून. लालासाहेब खाटेवर लवंडलेले, ते धडपडून उठले. आबा म्हणाले, "आवं लालासाहेब, माझ्या पोराची पाटी तेवढी दावा. बाकी काय न्हाई मागत." लालासाहेब भला माणूस. म्हणाले, "हवालदार, तुमच्यासाठी पैल्यापास्नं चढीवतो, तुटलं रीळ तर तुटू द्या." नुसतं एवढ्यावर थांबले नाहीत. दुपारभर कर्ण्यावर ओरडत होते, की आज पाट्यांपासून खेळ, गावच्या सुपुत्राची पाटी, या हो या. सगळी वाडी लोटली. जोतिबामामांना दिसत नाही तरी आले. आबांना पुढे लोखंडी खुर्ची दिली होती, त्यांच्या शेजारी खाली सतरंजीवर मी बसले होते. दिवे गेले, आणि पडद्यावर तो माळ आला, दगड आला, आणि तुझा आवाज. नाथा, मी ते गाणं इतक्या वेळा ऐकलंय, पण माळावर एक एक नाव येतंय आणि मागून तू गातोयस हे पहिल्यांदा बघितलं. तू म्हणतोस ना, लोक खुर्ची शोधत असतात तेव्हा मी गातो? त्या संध्याकाळी कुणी हललं नाही.

आणि तुझी पाटी आली. अख्खी, एकट्याची. गीत, संगीत, स्वर: नाथकुमार. मागे कुणीतरी टाळी वाजवली, आणि एकटीच वाजली म्हणून थांबली. कुजबुज सुरू झाली. मी आबांकडे बघितलं. ते ताठ बसलेले, हनुवटी वर, डोळे पडद्यावर. त्यांना वाटलं, तुझी पाटी अजून यायची आहे. खरंच तसं वाटलं त्यांना. रंगभूषा आली, वेशभूषा आली, प्रकाशयोजना आली, आबा प्रत्येक नाव ओठांनी वाचत होते. निर्माता आला. दिग्दर्शक आला. आणि मग ती बया विहिरीवर आली. तरी आबा उठले नाहीत, सबंध चित्रपट संपेपर्यंत बसले, कारण मध्ये उठलं तर लोक बघतील. वाटेत गल्लीतून चालताना एवढंच म्हणाले, "आवाज त्येचाच हाय. नाव दुसऱ्याचं." आणि माझ्या दारापाशी कंदील माझ्या हातात देऊन अंधारातच घरी गेले.

मला तुझा राग आलाय. सरळ सांगते, आठ दिवस त्या रागानेच लिहिलं नाही. तुझ्या दाजींनी आता कबूल केलं, की दिवाळीत ते मुंबईला आले होते तेव्हा तू त्यांना सगळं सांगितलं होतंस. त्या निर्मात्याने म्हटलं होतं ना, की नाथाजी आकाराम साळुंखे हे नाव कुस्तीच्या फडाच्या जाहिरातीवर शोभेल, असल्या हळव्या गाण्याला नाही चालणार? आणि तू हसून बरं म्हणालास. दाजींना मी चांगलंच ऐकवलं, दोन दिवस ते गुऱ्हाळावरच जेवले. तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. कोरसात उभं राहायला गेलेल्या पोराला पडद्यावर पाटी मिळतेय, तेव्हा तो काहीही कबूल करेल. मीही केलं असतं. पण पुढे कधीतरी घरी सांगायचं होतंस. दर पत्रात खोलीत झोप लागत नाही ते लिहितोस, गाण्याचं कडवं अडलंय ते लिहितोस, शेजारणीच्या मांजराचंसुद्धा लिहितोस, आणि हे नाही लिहिलंस. नाथ एवढं आमचं राहिलं, पण आकाराम गेला, साळुंखे गेले, आणि जागा कुणाला मिळाली तर त्या कुमारला. तिशी ओलांडली आणि कुमार! आई असती तर तिने तुझा कान धरला असता. आबांना तेही जमत नाही. त्यांना लागलं की ते फक्त बूट पुसत बसतात.

आता जे सांगण्यासाठी हे सगळं लिहिलं ते. आज सकाळी न्याहारी घेऊन गेले, तर आबा बुटांना पॉलिश करत होते आणि पत्र्याची ट्रंक उघडी होती. उद्या सकाळच्या एस.टी.ने कराड, तिथून रेल्वे, गुरुवारी सकाळी ते मुंबईत. मी तुझ्या खोलीचा पत्ता काढून देऊ लागले, तर नको म्हणाले. "खोलीवर कशाला? कामावरच जातो की. पोरगं कुठल्या युनिटात हाय ते बघाय नगं?" अंधेरीच्या तुझ्या स्टुडिओचं नाव त्यांना पाठ आहे. अरे, त्यांना वाटतंय सगळीकडे पलटणीसारखंच असतं. बेळगावला आजी भाकऱ्या बांधून छावणीच्या गेटवर जाऊन उभी राहिली होती, मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव एवढंच सांगितलं, आणि पहाऱ्यावरच्या शिपायाने आबांना परेडवरून बोलावून आणलं होतं. कुठल्याही गेटवर पुरतं नाव सांगितलं की आपला माणूस बाहेर येतो, एवढंच त्यांना माहीत. मी म्हटलं, आबा, तिथे नाथाजी साळुंखे कुणाला ठाऊक नाही, नाथकुमार म्हणून विचारा. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, "त्येला मी वळखत न्हाई, लीला. माझं पोरगं तितं हाय का न्हाई, तेवढं बघून येतो." दारवान सांगेल, असा कुणी माणूस इथे नाही. आबा हुज्जत घालणार नाहीत. बरं म्हणतील, ट्रंक उचलतील, आणि मिळेल त्या गाडीने परत येतील, आणि मग त्यांच्याकडे या विषयावर तोंड उघडायची माझीही हिंमत होणार नाही. म्हणून गुरुवारी कुणाचंही रेकॉर्डिंग असलं तरी सोड आणि सकाळपासून गेटवर उभा राहा. हरिबाने गाडी सुरू केलीय, हाका मारतोय. उभं राहणं अगदीच जमणार नसेल, तर हे पत्र वाचून होताच त्या दारवानाकडे जा, त्याला तुझं नाव सांग, नाथाजी आकाराम साळुंखे, आणि तो बरोबर म्हणेपर्यंत त्याच्याकडून म्हणवून घे.

तुझीच,
लीलाआक्का